इटलीची तिकिटं: नाव पासपोर्टवरचंच हवं

“सहा जणांची तिकिटं काढून ठेवा, नावं मागाहून कळवतो.” इटलीला निघालेल्या आमच्या बहुतेक ग्राहकांचं पहिलं वाक्य हेच असतं. पूर्वी ते चालून जायचं. ऑक्टोबर २०२३ पासून रोमच्या कलोसियमचं तिकीट नावानिशी निघतं, आणि दारावर तिकीट व पासपोर्ट शेजारी धरून पाहतात. ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं प्राचीन शहर पॉम्पेई, तिथेही नोव्हेंबर २०२४ पासून तोच नियम आहे. शिवाय तिथे दिवसाला २० हजारांपुढे माणूस आत घेत नाहीत.

गाडी अडते ती आपल्या नावांच्या रचनेवर. व्हॉट्सअ‍ॅपवर नाव येतं ते आडनाव, नाव, नवऱ्याचं नाव अशा क्रमानं. अर्जात मात्र दोनच रकाने, नाव आणि आडनाव. मग नवऱ्याचं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसतं. कधी आधारवर सासरचं आडनाव असतं आणि पासपोर्टवर अजून माहेरचंच. कधी ‘देशपांडे’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे. आमच्या कामाचा सगळ्यात जास्त वेळ या दुरुस्त्यांत जातो, आणि तोवर हवी ती वेळ दुसऱ्यानं घेतलेली असते.

म्हणून टाइप केलेलं नाव आम्ही घेत नाही, पासपोर्टच्या फोटो असलेल्या पानाची प्रत मागतो. चारही कोपरे दिसले पाहिजेत, प्लास्टिकवर दिव्याची चमक नको. त्या पानाच्या अगदी तळाशी बाणासारख्या खुणांनी भरलेल्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत आधी आडनाव, मग दोन खुणा, मग नाव. आम्ही नाव तिथूनच उचलतो, त्यामुळे त्या ओळी कापल्या गेल्या तर प्रत परत मागावी लागते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर तेवढं आधी सांगा. “इतक्या लवकर पासपोर्ट कशाला?” याचं उत्तर एवढंच आहे.

कलोसियमची विक्री भेटीच्या ३० दिवस आधी उघडते. तळघरासकटचं तिकीट आणि शनिवार-रविवारच्या सकाळच्या वेळा आधी संपतात. साधं तिकीट सध्या १८ युरो. त्यातच शेजारचं रोमन फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते. छापलेली वेळ कलोसियमच्या दाराची असते. १८ वर्षांखालच्या मुलांना पैसे नाहीत, पण तिकीट त्यांच्याही नावाचं लागतं. कॉलेजचं ओळखपत्र इथे उपयोगाचं नाही, कारण सरकारी स्मारकांवर १८ ते २५ वयाची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. व्हॅटिकन संग्रहालयात मात्र २५ वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना सवलत आहे, ओळखपत्र सोबत हवं.

व्हॅटिकनला दोन दारं असतात हे ध्यानात ठेवा. मायकेलअँजेलोनं छत रंगवलेलं सिस्टिन चॅपेल पाहायचं तर संग्रहालयातून जावं लागतं आणि त्याचं दार मागच्या तटबंदीच्या बाजूला आहे. सेंट पीटरच्या चौकातली लांबलचक रांग बॅसिलिकाची, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चची. तिथे प्रवेश फुकट आहे, पण तुमचं संग्रहालयाचं तिकीट तिथे चालत नाही. चौकातून संग्रहालयाच्या दाराशी चालत जायला किलोमीटरभर अंतर पडतं. दोन्हीकडे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उन्हाळ्यात पिशवीत एक ओढणी असू द्या. आणि एक, स्वित्झर्लंड करून रोमला येणाऱ्यांनी तिथे घेतलेले खिशातले चाकू हॉटेलवरच ठेवावेत. तपासणीच्या यंत्रात ते हमखास सापडतात.

आता वार. सोमवारी फ्लोरेन्सचं उफिझी चित्रसंग्रहालय बंद, मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ती अकादमिया बंद, रोमची बोर्गेझे गॅलरी बंद, मिलानमधलं लिओनार्दो दा विंचीचं भित्तिचित्र ‘लास्ट सपर’ही बंद. व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद असतं. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा, तोही फुकट, पण त्या गर्दीत सिस्टिनच्या छताकडे मान वर करायलाही जागा मिळत नाही. म्हणून आमच्या आखणीत सोमवार बहुतेक पिसाला जातो. तिथल्या कलत्या मनोऱ्यावर ८ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत आणि पिशव्या खाली जमा कराव्या लागतात. धाकटं मूल असेल तर आईबाबांसाठी दोन वेगळ्या वेळा घेतो.

‘लास्ट सपर’साठी फक्त १५ मिनिटं मिळतात, त्यावर तक्रारी येतात. कारण चित्रातच आहे. लिओनार्दोनं ते ओल्या गिलाव्यावर न काढता कोरड्या भिंतीवर काढलं. रंग भिंतीत मुरला नाही, आणि त्याच्या हयातीतच पोपडे सुटू लागले. आता आपल्या श्वासातली वाफ आणि कपड्यांवरची धूळ रोखायला एकामागून एक दारं उघडून छोट्या गटालाच आत घेतात. गट आत गेला की उशिरा आलेल्याला पुढच्या गटात बसवत नाहीत. तिकीट वाया.

तिकिटं स्वतः काढायची असतील तर जरूर काढा. फक्त नेटवर शोधल्यावर सर्वांत वर दिसणाऱ्या जाहिराती बहुधा मध्यस्थांच्या असतात, अधिकृत संकेतस्थळ खाली असतं. आमच्याकडून घेतलीत तर मूळ किंमत आणि आमचा सेवा-आकार बिलात वेगवेगळा दाखवलेला असतो. आकार आहे तो भेटीच्या ३० दिवस आधी विक्री उघडताच बसण्याचा आणि वार जुळवण्याचा. तिकीट निघाल्यावर तारीख बदलली तर ते नवीनच काढावं लागतं. त्यामुळे विमान पक्कं झाल्याशिवाय आम्ही पैसे घेत नाही.

रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेऊ नका. रस्तोरस्ती लोखंडी नळ चोवीस तास वाहतात. नळाचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या बारीक भोकातून चिळकांडी उडते, तिला तोंड लावून प्या. पाणी थंड आणि पिण्याचं असतं.