एका दिवसाचं ताट म्हणजे नेहमीचा आहार नव्हे

आहारशास्त्राचे प्रबंध तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: 'चोवीस तासांच्या रिकॉलनुसार इतक्या टक्के महिलांना अ जीवनसत्त्व कमी पडतं.' मी समासात दरवेळी एकच प्रश्न लिहिते: रिकॉल किती दिवसांचा? बहुतेकदा तो एकाच दिवसाचा निघतो.

रिकॉल म्हणजे खाल्लेलं आठवून सांगणं. काल उठल्यापासून काय खाल्लं, किती वाट्या, किती भाकऱ्या. दुसरी पद्धत फ्रिक्वेन्सी प्रश्नावलीची: तिच्यात पदार्थांची यादी असते आणि मेथी, अंडी, सुकट महिन्यातून किती वेळा खाता हे विचारतात. या दोन्हींत कुठली लवकर भरून होते वगैरे फरक किरकोळ आहेत.

गल्लत होते ती इथे. समजा, एका गावात शंभर जणी आहेत. सगळ्यांचा आहार अगदी सारखा आणि पुरेसा आहे, पण पालेभाजी घरात येते ती बाजाराच्या वाराला, म्हणून शिजते आठवड्यातून दोनच दिवस, आणि अ जीवनसत्त्व मुख्यतः तिच्यातूनच मिळतं. आठवड्याच्या सातही वारांवर वाटून प्रत्येकीला एकदाच विचारलं, तर सत्तरेक जणींचा 'काल' पालेभाजीविना गेलेला असेल. त्या सगळ्या 'कमतरता' या रकान्यात जातील. खरी कमतरता मात्र शून्य, कारण हे जीवनसत्त्व यकृतात साठतं आणि मधले दिवस निभावून नेतं. याच शंभर जणींची सरासरी काढा, ती ठीक येईल. म्हणजे त्याच आकड्यांतून निघालेली सरासरी बरोबर आणि टक्केवारी साफ चूक. हे विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायला मला दरवर्षी अख्खा तास लागतो, आणि तो मी आनंदाने देते.

अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे २९ जणांनी वर्षभर रोजचं खाणं लिहून ठेवलं. त्यावरून १९८७ मध्ये हिशेब मांडला गेला: एका माणसाचं नेहमीचं प्रमाण दहा टक्क्यांच्या फरकात कळायला उष्मांकांसाठी साधारण महिनाभराच्या नोंदी लागतात, अ जीवनसत्त्वासाठी वर्षभराच्याही पुरत नाहीत.

फ्रिक्वेन्सी नेहमीच्या खाण्याबद्दलच विचारते, म्हणून हा दोष तिच्यात नाही. पण तिच्यातून ग्रॅम काढू नयेत. कोण जास्त खातं, कोण कमी, एवढी क्रमवारी लावायला ती चांगली. तीही यादी इथली असेल तरच. परदेशी यादीचं भाषांतर करून नाचणी, जवसाची चटणी, बोंबील वगळलेले पाहिले की मला राग येतो.

आणखी एक खोड म्हणजे एक पद्धत दुसरीशी जुळली की 'अचूकता सिद्ध झाली' असं लिहिणं. दोन्ही स्मरणावरच उभ्या आहेत, त्यामुळे दोन्ही एकाच बाजूला चुकू शकतात. मेरीलँडमधल्या ४८४ जणांच्या 'ओपन' अभ्यासात शरीराने खर्च केलेली ऊर्जा खुणेच्या पाण्याने, म्हणजे ज्यातले अणू शरीरात ओळखता येतात असं पाणी पाजून, मोजली होती. तिच्याशी ताडल्यावर पुरुषांनी रिकॉलमध्ये १२ ते १४ टक्के आणि फ्रिक्वेन्सीत ३१ ते ३६ टक्के उष्मांक कमी सांगितलेले आढळले. स्त्रियांचे आकडे १६ ते २० आणि ३४ ते ३८.

माझी पसंती रिकॉललाच, पण दोन दिवसांच्या, आणि तेही लागोपाठचे नकोत. आज केलेली भाजी उद्याच्या डब्यातही असते. सगळ्यांकडे पुन्हा जाणं परवडत नसेल तर निदान काही जणींकडे दुसऱ्यांदा जा. रोजच्या चढउताराचा अंदाज तेवढ्यावरूनही घेता येतो आणि मग टक्केवारी दुरुस्त करता येते.