आर्पेजिएटर की स्टेप सिक्वेन्सर? बोटं उचला, कळेल

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या हार्डवेअरवर, म्हणजे संगणकाऐवजी सुट्या यंत्रांवर, पहिल्यांदा अर्धा तास रंगून वाजवलं आणि चहा आणायला उठलो. बोटं उचलली आणि खोली एकदम शांत. सुरावट यंत्रात साठली आहे असं मी धरून चाललो होतो. ती माझ्या तीन बोटांत होती. मी सिक्वेन्सर समजून वाजवत होतो तो आर्पेजिएटर होता.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोघंही लयीला बांधलेले, दोघंही एकामागून एक सूर सोडतात. आर्टुरिया कंपनीच्या कीस्टेपसारख्या छोट्या कीबोर्डवर तर दोघं एकाच खटक्याच्या दोन बाजूंना असतात. मिडी, म्हणजे वाद्ययंत्रांची आपसात बोलायची भाषा, तिच्या केबलमधून जातं तेही सारखंच: अमुक सूर सुरू, अमुक सूर बंद.

आर्पेजिएटर तुम्ही दाबून धरलेले सूर सुटे करून फिरवतो. पांढरी एक, तीन, पाच धरा. तो ते चढत, उतरत किंवा उलटसुलट वाजवेल, दोन-तीन सप्तकांत नेईल. पण तिसऱ्या जागी थांब, पाचवीवर जोर दे, असं त्याला साधारणपणे सांगता येत नाही. ‘होल्ड’ दाबलं की तो बोटांशिवायही चालतो. तरी तिथे लिहून ठेवलेलं काही नसतं.

सिक्वेन्सर म्हणजे लेहरा. एकल तबल्याला पेटीवाला तीच ओळ, तेच आवर्तन न हलता धरून ठेवतो, तसा. ओळीत बहुधा सोळा घरं, म्हणजे स्टेप. प्रत्येक घरात काय ते तुम्ही ठरवायचं: सूर, मोकळी जागा, जोर. १९८१ च्या रोलँड टीबी-३०३ या सिक्वेन्सर असलेल्या बेस सिंथेसायझरवर घराघराला वेगळा ॲक्सेंट, म्हणजे जोर, आणि वेगळी स्लाइड देता यायची. स्लाइड म्हणजे जवळजवळ आपली मींडच. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली हेच ३०३, सोबत टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन रागांची तबकडी केली. मिडी बाजारात आलं ते १९८३ मध्ये! घरं सोळाच हवीत असंही नाही. बऱ्याच यंत्रांवर सात ठेवली की रूपक, दहा ठेवली की झपताल.

एकच घ्यायचं असेल तर सिक्वेन्सर घ्या, असं माझं ठाम मत आहे. पण खरी गंमत दोन्ही जोडल्यावर. घड्याळ मात्र एकाच यंत्राचं ठेवा. मिडी क्लॉक दर ठोक्याला २४ टिचक्या पाठवतो आणि दुसऱ्याने त्या मोजायच्या.

आता सिक्वेन्सरवर सोळा घरांचा ठेका लावा आणि त्याच गतीत आर्पेजिएटरवर सा, ग, प चढत्या क्रमाने धरा. सोळाला तीनने भाग जात नाही. म्हणून पहिल्या समेवर सा येतो, दुसऱ्या समेवर ग, तिसऱ्या समेवर प, आणि ४८ घरं झाली की सा पुन्हा समेवर. हात जागचा हललेला नसतो, तरी सुरावट सरकत राहते. चौथं बोट ठेवलंत तर दर समेला सा येईल आणि ती हालचाल संपेल. मी सहसा तीनच ठेवतो. सिक्वेन्सरच्या दुसऱ्या ट्रॅकला तीन घरं दिली तरी हेच ऐकू येईल. पण तिथे प चा ध करायला घरात शिरून सूर बदलावा लागतो. इथे करंगळी एक पट्टी पुढे सरकते, आणि पुढच्याच फेरीत ध वाजतो.