हाड विरघळलं की त्यात जंतुसंसर्ग झाला?

कवटीच्या तळाची गाठ काढताना हाडाचा तुकडा कापून बाजूला ठेवतात आणि शेवटी टायटेनियमच्या पट्ट्यांनी परत बसवतात. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. काही महिन्यांनी सीटी स्कॅनमध्ये तो पातळ, कडांना कुरतडल्यासारखा दिसला, तर दोन शक्यता असतात: जंतुसंसर्ग, किंवा जंतूंशिवाय हाड विरघळणं. चित्र सारखं दिसू शकतं, उपचार पूर्ण वेगळे.

संसर्गात जखम लाल होते, दुखते, पाझरते. टाक्यांची जागा पुन्हा पुन्हा उघडते. एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात (पाण्याच्या कणांची हालचाल दाखवणाऱ्या) पू बहुधा चमकतो. सीआरपी, म्हणजे रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन, वाढतं, पण ते नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नये. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा त्वचेवरचा जंतू महिनोन्‌महिने लक्षणांशिवाय राहतो आणि सावकाश वाढतो, म्हणून कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) 10 ते 14 दिवस ठेवायला लॅबला आवर्जून सांगावं.

हाड नुसतं विरघळत असेल तर त्वचा निरोगी असते, ताप नसतो. खळगा पडतो, सैल झालेली पट्टी बोटाला लागते. कानशिलावरचा खळगा मात्र स्नायू सुकल्यानेही पडतो. स्कॅन केल्याशिवाय हाडाला दोष देऊ नये.

संसर्ग टाळायचा तर सगळ्यात जास्त लक्ष कपाळाच्या सायनसकडे (हाडातल्या हवेच्या पोकळीकडे) हवं. ती उघडली गेली, तर मागची भिंत काढावी, अस्तर ड्रिलने पूर्ण खरवडावं, नाकाकडची वाट बुजवावी आणि वर रक्तपुरवठा शाबूत असलेलं पेरिक्रेनियम (कवटीवरचा पातळ पडदा) पसरावं. नुसतं बोन वॅक्स (हाडावर दाबायचं मेण) दाबून भागत नाही; मागे राहिलेल्या अस्तरातून म्यूकोसील (चिकट स्राव साठलेली गाठ) होतो, त्यात पू होऊ शकतो. सेफॅझोलिन हे अँटिबायोटिक चीर देण्याआधी 60 मिनिटांच्या आत द्यावं आणि दर 4 तासांनी पुन्हा. या शस्त्रक्रिया लांबतात, आणि नेमका हाच पुढचा डोस राहून जातो.

विरघळणं टाळण्यासाठी हाड शक्यतो एकसंध कापावं, फट कमीत कमी ठेवावी, तुकडा हलणार नाही असा घट्ट बसवावा. तोवर तो सलाइनने ओला ठेवावा. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) हाडातल्या पेशी मरतात.

संसर्ग झालेला तुकडा बहुतेकदा काढावाच लागतो. मग काही आठवडे अँटिबायोटिक, आणि कृत्रिम हाड काही महिन्यांनी. थोडंसं विरघळलेलं हाड नुसतं पाहत राहिलं तरी चालतं. मेंदू उघडा पडत असेल तर टायटेनियम किंवा पीक (PEEK) या कणखर प्लास्टिकचं इम्प्लांट बसवावं. त्या वेळी जखम कितीही स्वच्छ दिसली तरी काढलेल्या हाडाचे नमुने कल्चरला पाठवावेत, कारण लपलेल्या संसर्गावर बसवलेलं इम्प्लांटही काढावं लागतं.