गाणं वाजतं, गायिका गायब

धान घरी आलं की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया (गावजत्रा) भरतात आणि रात्रभर नाटकं रंगतात. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्यांबरोबर फिरणाऱ्या साउंडवाल्यांकडे आता डिजिटल मिक्सर दिसतो, शेजारी गाण्यांचा लॅपटॉप. हे दोन जोडताना कधीकधी भलतंच होतं: ढोलकी वाजते, व्हायोलिन ऐकू येतात, गायिका मात्र गायब. तिच्या आवाजाचा घुमारा तेवढा लांबून येतो.

फाइल चांगली असते, वायरही धड असते. घोळ आहे वजाबाकीचा.

माइककडून मिक्सरला एकच आवाज दोन तारांवरून येतो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. मिक्सर पहिल्यातून दुसरा वजा करतो. उलट्याची वजाबाकी म्हणजे बेरीजच, त्यामुळे आवाज दुप्पट होतो. वाटेत विजेच्या वायरींमधून शिरलेली 50 हर्ट्झची गुणगुण मात्र दोन्ही तारांवर सारखी असते, ती वजा होऊन जाते. स्टेजपासून 50 मीटर वायर ओढूनही माइक स्वच्छ ऐकू येतो तो यामुळेच.

या दोन तारा आणि अर्थ धरून माइकच्या जोडणीत तीन संपर्क असतात. हेडफोनच्या पिनलाही तीनच, पण तिथे टोकावर डावा आवाज आणि मधल्या कडीवर उजवा. स्टिरिओ वायरने ही पिन एकाच चॅनेलला लावली की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. गायिकेचा आवाज बहुधा दोन्हीकडे समान ठेवलेला असतो, म्हणून तोच उडतो. घुमारा दोन बाजूंना थोडा वेगळा असतो, तो वाचतो.

उपाय स्वस्त आहे: एका टोकाला स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला दोन मोनो पिना असलेली वायर आणि दोन चॅनेल. माइकच्या सॉकेटमधूनच जायचं असेल तर 48 व्होल्टचा फँटम (मिक्सर माइकला पुरवतो ती वीज) आधी बंद करा, नाहीतर लॅपटॉपचं सॉकेट जळू शकतं.

चार्जर लावताच गुणगुण सुरू होत असेल, तर लॅपटॉप आणि मिक्सर दोन वाटांनी अर्थिंगला जोडले जाऊन वेटोळं तयार झालेलं असतं. त्यावर चार्जरची अर्थ पिन तोडणारे महाभाग आहेत. दवानं ओल्या मैदानात हा जिवाशी खेळ आहे. त्याऐवजी लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स घाला; आवाज पुढे पाठवून ते वेटोळं तोडणारी ही छोटी पेटी.

मिक्सरला यूएसबी असेल तर ही वजाबाकीची भानगडच उरत नाही, कारण आवाज आकड्यांतून जातो, सेकंदाला 44,100 किंवा 48,000 नमुने. 256 नमुन्यांचा साठा केला तर उशीर साधारण 5 मिलिसेकंद, म्हणजे आवाजाला हवेतून पावणेदोन मीटर जायला लागेल तेवढाच. यूएसबी 2 ची वायर मात्र 5 मीटरच्या आत ठेवा.

टॅबलेटवरून मिक्सर चालवायला राउटर लावताना सॉकेटवरचं नाव वाचा. काही मिक्सरांवर स्टेजबॉक्सचं (स्टेजवरच्या माइकच्या वायरी एकत्र घेणाऱ्या पेटीचं) सॉकेटही हुबेहूब नेटवर्कसारखं असतं. राउटर त्यात लावला तर टॅबलेटला मिक्सर सापडतच नाही.