हलका रॉड आणि ‘लाइट’ रॉड: गल्लत इथेच होते

‘बाससाठी हलका, सेन्सिटिव्ह रॉड’ असे वाचून मासेमारीचा रॉड ऑनलाइन मागवला, हिडकल धरणाच्या काठावर नेला आणि पहिल्याच दांडग्या मरळीने तो मुठीपर्यंत वाकवून मासा शेवाळात नेला, तर दोष बहुधा रॉडचा नसतो. घोळ शब्दाचा असतो. आपण हलका म्हणतो ते वजनाला. रॉडवर छापलेला ‘लाइट’ वजनाबद्दल काहीच सांगत नाही. तो रॉड किती भार पेलेल ते सांगतो. १९० ग्रॅमचा फायबरग्लासचा रॉड ‘लाइट’ असू शकतो आणि ११५ ग्रॅमचा कार्बनचा रॉड ‘मीडियम हेवी’.

आधी लाइट. ही पॉवरची, म्हणजे ताठपणाची पायरी. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम लाइट, मीडियम, मीडियम हेवी, हेवी असा चढता क्रम. मुठीच्या वर यूएल, एल, एमएल, एम, एमएच, एच अशी अक्षरे असतात. या अक्षरांना सगळ्या कंपन्यांसाठी एकच माप नाही. एकीचा एमएल दुसरीच्या एमइतका ताठ निघतो. म्हणून अक्षरापेक्षा शेजारचे आकडे वाचावेत. ढोबळमानाने एल रॉड २ ते ७ ग्रॅमच्या ल्यूरचा (म्हणजे खोट्या आमिषाचा) आणि ४ ते ८ पौंडी, म्हणजे तेवढी ओढ सोसणाऱ्या दोरीचा, एम ७ ते १८ ग्रॅमचा, तर एमएच १० ते २८ ग्रॅमचा. आकडे औंसात असतील तर पाव औंस म्हणजे ७ ग्रॅम हे ध्यानात ठेवले की भागते.

पॉवर चुकली की काय होते ते फेकतानाच कळते. एमएच रॉडला ३ ग्रॅमचे ल्यूर लावले तर रॉड मागे वाकतच नाही, आणि न वाकलेला रॉड फेकणार कशाने? ल्यूर समोरच पडते. उलट एल रॉडवर १५ ग्रॅमचा रबरी बेडूक लावला तर फेक कशीबशी जाते, पण मासा लागल्यावर दिलेला हिसका रॉडच्या वाकण्यातच जिरतो. मरळीचा जबडा हाडाचा, टणक. बेडकाचा जाड दुहेरी गळ त्यात शिरायला ताठ रॉडच लागतो. शिवाय ३० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी बांधून एल रॉडवर ड्रॅग (रिळाचा ब्रेक) घट्ट केला, तर दोरी तुटत नाही, रॉड तुटतो.

आता वजनाचा हलकेपणा. तो येतो ब्लँकच्या, म्हणजे रॉडच्या मूळ नळीच्या मालातून आणि त्यावर चढवलेल्या सामानातून. कार्बन काचेच्या धाग्यापेक्षा घनतेने कमी आणि ताठपणाने सुमारे तिप्पट, त्यामुळे तेवढ्याच ताकदीला पातळ नळी पुरते. ७ फुटी चांगला कार्बन स्पिनिंग रॉड १०० ते १२५ ग्रॅमच्या आसपास भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकून बघता येतो. पण काट्यावरचा आकडा म्हणजे हातातला आकडा नव्हे. आपलाच रीळ बसवा आणि रिळाच्या पायाच्या जरा पुढे रॉड एका बोटावर तोला. शेंडा खाली झुकत असेल, तर १०५ ग्रॅमचा रॉडही तासाभरात मनगट धरतो, कारण शेंड्याचे वजन लांबून ओढते. शेंड्याकडच्या, दोरी ओवायच्या रिंगा जाड आणि जड असल्या की हेच होते. रीळ थोडा जड घेतल्याने तोल मुठीकडे येतो. म्हणून १२५ ग्रॅमचा पण तोललेला रॉड आम्ही कधीही आधी उचलू.

सेन्सिटिव्ह या शब्दाने तर दोन्ही बाजूंनी फसगत होते. शेंडा लवचिक, जरासे ओढले तरी हलतो, म्हणून रॉड सेन्सिटिव्ह, असे पुष्कळांना वाटते. मऊ शेंडा मासा *दाखवतो*. सेन्सिटिव्ह रॉड तो हाताला *कळवतो*. तळाशी गांडूळ टाकून शेंड्याकडे नजर लावून चिलापी धरायची असेल तर मऊ शेंडाच बरा. चिलापी चाटून बघते, तिला ताठ शेंड्याचा दाब लागला की सोडते. पण तळावरून रबरी ल्यूर ओढताना मासा फक्त ‘टक्’ करतो, तो डोळ्यांना दिसत नाही. ती टकटक दोरीतून शेंड्याला, शेंड्यातून ब्लँकला आणि तिथून बोटांना पोचावी लागते. वाटेत जेवढे जड आणि मऊ, तेवढी ती विरते. म्हणजे सेन्सिटिव्हपणाचे नाते लाइट पॉवरशी नाही. ते ताठ आणि वजनाला हलक्या ब्लँकशी आहे. एम पॉवरचा हलका कार्बन रॉड एलच्या काचेच्या रॉडपेक्षा जास्त कळवतो, आणि यात नवल काहीच नाही.

यात दोरीचा वाटा मोठा आहे. तंगूस (नायलॉनची एकसंध दोरी) ताणतो, ब्रेड जवळजवळ ताणत नाही. महागडा रॉड घेऊन त्यावर जाड तंगूस भरला, तर दिलेल्या पैशांतला निम्मा गुण दोरीतच राहतो. १० ते १५ पौंडी ब्रेड आणि पुढे हातभर फ्लोरोकार्बनची पारदर्शक दोरी ही जोडणी एमएल रॉडला शोभते.

‘फास्ट’ हे तिसरेच प्रकरण. रॉड कुठून वाकतो ते ती ॲक्शन सांगते: फास्ट वरच्या एक तृतीयांशात, मॉडरेट अर्ध्यापासून. एकेरी गळाला फास्ट बरी. तिहेरी गळांच्या पोहत्या ल्यूरला मॉडरेटच घ्यावी, नाहीतर गळ माशाच्या तोंडातून फाडून निघतात.

ज्या लार्जमाउथ बाससाठी हे रॉड बनतात तो मासा उत्तर अमेरिकेचा. हिडकल, राकसकोप, मलप्रभेत तो नाही. त्याच्यासाठीचे माप आपल्या माशांना लावून बघावे लागते. बारीक रबरी ल्यूर आणि चिलापीला साडेसहा फुटी एल किंवा एमएल फास्ट. मरळीला जलपर्णीतून ओढायचे म्हणून ७ फुटी एमएच फास्ट. इथे बेडूक पाण्यावरच असतो, झडप डोळ्यांना दिसते, तेव्हा सेन्सिटिव्हपणासाठी जादा पैसे मोजू नयेत. वजन मात्र कमीच हवे, कारण दिवसात शेकडो वेळा फेकायचे असते. बासशी नावाने जवळचा आपला मासा म्हणजे चोणक, ज्याला एशियन सीबास म्हणतात. आपल्या खानापूर तालुक्यात उगवलेली म्हादई गोव्यात मांडवी होऊन खाडीला मिळते, तिथे तो सापडतो. चोरला घाट उतरून त्याच्यामागे जाणार असाल तर ७ फुटी एम किंवा एमएच, १० ते २८ ग्रॅमचा.

दुकानात रॉड हातात घेऊन नुसता हवेत हलवून काही कळत नाही. रिंगांतून दोरी ओवा, सोबतच्याला टोक धरायला सांगा आणि हळूहळू ताणा; कुठून वाकतो ते दिसेल. दोरी आणि रॉड यांच्यातला कोन ९० अंशांपेक्षा लहान होऊ देऊ नका, शेंडे तिथेच मोडतात. शेंडा बोटांनी धरून तर कधीच वाकवू नका. मग सोबतच्याला शेंडा नखाने खरवडायला लावा, तुम्ही डोळे मिटून मूठ धरा. दोन रॉडांतला फरक असा लगेच उमगतो. शेवटी कापसाचा बोळा प्रत्येक रिंगेतून फिरवा. कुठे तंतू अडकला, तर त्या रिंगेच्या आतल्या कड्याला चीर आहे आणि तीच चीर ब्रेड कापणार.

कार्बन जितका जास्त टनांचा (टन हे इथे धाग्याच्या ताठपणाचे माप), म्हणजे २४ वरून ३० किंवा ४०, तितका ताठ आणि हलका, पण तितकाच ठिसूळ. दगडावर एकदा आपटला तर त्या वेळी काही दिसत नाही. चार दिवसांनी ऐन माशावर तो तिथूनच तुटतो. दुचाकीवर नेताना दोन तुकड्यांचा ७ फुटी रॉड पावणेचार फूट लांब, ३ इंची पीव्हीसी पाइपात घालावा; २ इंचीत पहिली मोठी रिंग अडकते. आणि कार्बनमधून वीज वाहते. कालव्याच्या काठी वर विजेच्या तारा असतील तर तिथे फेकू नका, आणि वळवाचे ढग गडगडू लागले की रॉड आडवा ठेवून काठापासून लांब व्हा.