छऱ्याची बंदूक, चाळिशी आणि स्कोप

आमच्या शेजारच्या काकांचं वय ६१. गावाकडच्या घरामागे मातीचा उंच बांध आहे, त्याच्यासमोर दहा मीटरवर कागदी लक्ष्य लावून ते छऱ्याच्या बंदुकीने नेम धरतात. वीस वर्षांचा छंद. अलीकडे त्यांची पंचाईत झाली होती. लांबचा चष्मा लावला की कागद स्वच्छ दिसायचा, पण बंदुकीवरची खाच विरघळून जायची. जवळचा लावला की खाच दिसायची आणि कागद धुक्यात. म्हणून त्यांनी ३ ते ९ पट मोठं दाखवणारा स्कोप, म्हणजे बंदुकीवर बसवायची दुर्बीण, घेतला. दुकानदार म्हणाला होता, "जितकं मोठं दिसेल तितकं बरं." नऊपटीवर मात्र कागदाचा नुसता पांढरा गोळा दिसू लागला. मोतीबिंदू झाला या भीतीने ते डोळे तपासून आले. डोळ्यांत काही नव्हतं.

दोष डोळ्याचा नव्हता, स्कोपही बिघडलेला नव्हता. दोघांची जोडी जुळत नव्हती.

डोळ्यातलं भिंग जाड-बारीक होऊन जवळचं-लांबचं स्पष्ट करतं, हे आपण शाळेत शिकलो. या समायोजनाची ताकद दहा वर्षांच्या मुलात बारा डायऑप्टरच्या (चष्म्याचा नंबर मोजायचं एकक) वर असते, चाळिशीत चार-पाचवर येते, साठीत जेमतेम एक उरते. भिंगावर आयुष्यभर नवे थर चढत राहतात आणि गाभा कडक होत जातो. तळहात चोळून डोळ्यांवर ठेवल्याने किंवा बुबुळं गरागरा फिरवल्याने हा गाभा मऊ होत नाही. 'चाळिशी घालवा' म्हणणाऱ्यांवर कृपा करून पैसे घालवू नका. बाहुली लहान करून जवळचं जरा स्पष्ट दाखवणारे थेंब असतात, पण त्यांचा परिणाम काही तासांचा. भिंग आहे तसंच राहतं.

स्कोपशिवायच्या उघड्या नेमात डोळ्याला मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी (नेमाचा उंचवटा) आणि लक्ष्य अशी तीन अंतरं एकदम सांभाळावी लागतात. स्कोपचं पुढचं भिंग लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत तयार करतं. त्याच पातळीवर नेम धरायची फुली बसवलेली असते आणि डोळ्याजवळचं भिंग दोन्ही एकत्र दाखवतं. तीन अंतरांचं एक झालं. उतारवयात मोठं दिसण्यापेक्षा मला हाच फायदा मोलाचा वाटतो.

पण लक्ष्य जवळ आलं की प्रतिमा फुलीच्या पातळीवरून मागे सरकते. मोठ्या रायफलींसाठीचे बरेच स्कोप सुमारे १०० मीटरसाठी जुळवलेले असतात. १०० मीटरवरून येणारे किरण ०.०१ डायऑप्टर इतके पसरट असतात, १० मीटरवरून येणारे ०.१. फरक ०.०९, नुसत्या डोळ्याला तो जाणवतही नाही. स्कोप मात्र दोन गोष्टी करतो: किरणांमधला कोन नऊपट वाढवतो आणि झोताची रुंदी नऊपट कमी करतो. नऊपट अरुंद झोतात नऊपट कोन, म्हणजे पसरटपणा ८१ पट. गुणाकार पटीचा नाही, पटीच्या वर्गाचा! ०.०९ गुणिले ८१, झाले ७.३ डायऑप्टर. विशीतला डोळा ताण देऊन कदाचित तेवढं खेचेल, तरी फुली पुसट होईल. साठीतल्या डोळ्याकडे तेवढं आहेच कुठे? तीनपटीवर हाच फरक फक्त ०.८ होतो, म्हणून काकांना तीनवर दिसायचं.

दुसरा त्रास पॅरलॅक्सचा. फुली आणि प्रतिमा वेगळ्या पातळीवर असतील तर डोळा जरा सरकला की फुली लक्ष्यावरून सरकते. पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं आणि जुळवणी १०० मीटरची असेल, तर १० मीटरवर ही चूक दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. बंदूक बिचारी अचूक असते, आपण तिलाच दोष देतो.

म्हणून घेताना पहिला प्रश्न हा विचारा: पुढच्या कड्यावर किंवा बाजूच्या चकतीवर दहा मीटरपर्यंत जुळवता येतं का? तसा स्कोप परवडत नसेल तर कमी अंतरासाठीच जुळवलेला साधा चारपटीचा घ्या. स्प्रिंगवर चालणारी छऱ्याची बंदूक (एअरगन) आधी मागे आणि मग पुढे असे दोन्हीकडून हिसके देते. त्यात साधा स्कोप आतून खिळखिळा होतो, तेव्हा एअरगनसाठीचाच मागा. पुढचं भिंग भागिले पट म्हणजे बाहेर येणाऱ्या झोताची रुंदी: चाळीसला चारने भागलं तर १० मिलिमीटर, बाराने भागलं तर ३.३. रुंद झोतात डोळा सहज बसतो. चष्म्यात सिलिंडर नंबर असेल तर चष्मा लावूनच बघा, कारण फुली स्पष्ट करायचं डोळ्याजवळचं कडं तो नंबर भरून काढत नाही.

ते कडं आधी जुळवायचं. कोऱ्या भिंतीकडे स्कोप धरा, दोन सेकंद बघून नजर काढा, कडं थोडं फिरवा, पुन्हा बघा. टक लावून बघाल तर डोळा उरलीसुरली ताकद लावून पुसट फुलीही स्पष्ट करेल आणि दहा मिनिटांत थकेल. नजर टाकल्याक्षणी फुली काळीभोर दिसली की कडं तिथेच ठेवा आणि मगच लक्ष्याकडे वळा.

काकांनी स्कोप बदलून घेतला. आता ते पुढचं कडं दहावर आणतात, मान जराशी वर-खाली करून फुली जागची हलत नाही ना ते बघतात, आणि पट मात्र सहाच्या वर नेत नाहीत.