बुद्धिमत्तेचे प्रकार आणि स्वभावाची ओळख

बुद्धिमत्तेचे प्रकार म्हणजे माणसाची हुशारी एकाच साच्याची नसते, तिच्या वेगवेगळ्या तऱ्हा असतात असं मांडणारे सिद्धांत. आणि स्वभावाची ओळख म्हणजे आपण कसे वागतो, कशाने खचतो, कुठल्या कामात टिकतो आणि कुठून पळ काढतो हे स्वतःला नीट माहीत असणं. करिअर गाइडन्सवाले दोन्ही एकाच पॅकेजमध्ये देतात, पण दोन्हींचा इतिहास वेगळा, मोजायच्या पद्धती वेगळ्या, आणि पुरावाही सारखा भक्कम नाही. महाराष्ट्रात बुद्धिमत्ता म्हटलं की बहुतेकांना स्कॉलरशिपचा पेपरच आठवतो (आधी चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ पासून काही वर्षं पाचवी-आठवीला), म्हणजे आकृत्यांची मालिका, सांकेतिक भाषा, घड्याळाचे काटे आणि "फोटोतल्या बाईच्या सासऱ्याच्या एकुलत्या एका मुलाचा..." टाइप नाती. विषयाचा हा फक्त एक कोपरा झाला.

मोजायला सुरुवात कशी झाली

फ्रान्समध्ये शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत द्यायची होती, म्हणून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० प्रश्नांची चाचणी बनवली. म्हणजे मूळ हेतू हुशार मुलं वेचायचा नव्हताच, आणि बुद्धी जन्मतः कायमची ठरलेली असते हे बिने यांना अजिबात मान्य नव्हतं, सरावाने ती वाढते असं ते सांगायचे. पुढे १९१२ मध्ये जर्मनीच्या विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना काढली, अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये त्याला १०० ने गुणून आयक्यू रूढ केला. आठ वर्षांचं पोर दहा वर्षांच्या मुलांचे प्रश्न सोडवत असेल तर आयक्यू १२५. मोठ्यांना हे गणित लावता येत नाही, चाळिशीतल्या माणसाची बुद्धी पन्नास वर्षांची आहे म्हणजे नक्की काय? म्हणून आता सरासरी १०० धरून आपण आपल्या वयाच्या लोकांत कुठे बसतो तेवढंच बघतात, आणि साधारण दोन तृतीयांश माणसं ८५ ते ११५ मध्येच असतात.

या सगळ्याच्या आधी १९०४ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स स्पीअरमन यांच्या लक्षात आलं होतं की एका विषयात चांगले मार्क पाडणारी मुलं बहुतेक वेळा बाकीच्या विषयांतही बरी असतात, तेव्हा सगळ्याच्या मागे एक सामान्य क्षमता असावी, तिला ते जी म्हणायचे. हे निरीक्षण आजतागायत टिकून आहे आणि प्रकारवाल्या प्रत्येक सिद्धांताला याच्याशी सामना करावा लागतो. थर्स्टन यांनी १९३८ मध्ये सात वेगळ्या क्षमता मांडल्या. रेमंड कॅटेल यांनी दोनच भाग केले, नवीन कोडं जागच्या जागी सोडवायची बुद्धी आणि वाचून-अनुभवून साठलेली बुद्धी. पहिली तरुणपणानंतर हळूहळू उतरते, दुसरी बरीच वर्षं वाढत राहते. घरातल्या आजोबांना नवीन फोन लवकर जमत नाही पण सातबाऱ्यावरची भानगड ते एका नजरेत ओळखतात ते यामुळेच.

टर्मनची मुलं

टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातली जास्त आयक्यूची सुमारे दीड हजार मुलं निवडली आणि पुढे कित्येक दशकं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ही मुलं एकंदरीत चांगली शिकली, चांगलं कमावलं. पण गंमत अशी की या निवडीत आयक्यू कमी पडला म्हणून जी मुलं बाद झाली त्यात विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघं होते, आणि पुढे दोघांनाही फिजिक्सचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही नाही.

याहून कामाची गोष्ट नंतर निघाली. टर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गटातले सगळ्यात यशस्वी पुरुष आणि सगळ्यात मागे राहिलेले पुरुष असे शेजारी ठेवून बघितले तर दोन्हीकडच्या आयक्यूत फरक अगदी थोडा होता, फरक दिसला तो चिकाटीत, ध्येय धरून ठेवण्यात आणि आत्मविश्वासात. अर्थात यशस्वी गटातल्यांचे वडीलही जास्त शिकलेले होते, हे करिअरवाले सांगत नाहीत. तरी हुशारीच्या चर्चेत स्वभाव कुठून घुसतो ते इथे दिसतं.

गार्डनरचे प्रकार

आज बुद्धिमत्तेचे प्रकार म्हणून डीएड-बीएडला जे शिकवतात आणि टीईटीसाठी जे पाठ करतात ते हार्वर्डच्या हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडलेले. भाषिक, तार्किक-गणिती, अवकाशीय, सांगीतिक, शारीरिक, दुसऱ्याला ओळखण्याची आणि स्वतःला ओळखण्याची अशा सात, नंतर निसर्गविषयक धरून आठ. गार्डनर बोस्टनच्या हॉस्पिटलमध्ये मेंदूला इजा झालेल्या पेशंटांबरोबर काम करायचे. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की काहींना साधं वाक्य बोलता येत नाही, पण तेच पेशंट ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणून दाखवतात, म्हणजे एक क्षमता गेली तरी दुसरी शाबूत राहते. त्यांच्या मांडणीचा एक मोठा आधार हाच.

उदाहरणं आपल्याकडे भरपूर आहेत. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर ओव्या जुळायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एकाने त्या उतरवून घेतल्या म्हणून टिकल्या. भाषेची अशी ताकद कुठल्या लेखी पेपरात दिसणार? दुसरं उदाहरण शकुंतलादेवींचं. अमेरिकेतल्या आर्थर जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने त्यांची चाचणी घेतली तेव्हा त्या मोठमोठी घनमुळं चुटकीसरशी काढत होत्या, पण दिवा लागला की बटण दाबा अशा साध्या वेगाच्या चाचण्यांत त्यांचा वेग चारचौघांसारखाच निघाला.

टीकाही कमी नाही. गार्डनर ज्यांना स्वतंत्र म्हणतात त्या क्षमता मोजायला गेलं की त्यातल्या बऱ्याचशा एकमेकांशी जोडलेल्या निघतात, म्हणजे पुन्हा स्पीअरमन. संगीत किंवा खेळ याला बुद्धिमत्ता म्हणायचं की कौशल्य हाही वाद आहेच. शिक्षकांना ही मांडणी आवडते कारण ती वर्गातल्या प्रत्येक पोराला काहीतरी देते, मोजमापवाल्यांना ती पटत नाही, आणि दोघांचीही बाजू समजण्यासारखी आहे. मात्र "हा मुलगा ऐकून शिकणारा, ती बघून शिकणारी" हे गार्डनरच्या नावावर खपवतात ते चूक, गार्डनर यांनी स्वतः दोन्ही गोष्टी वेगळ्या असल्याचं लिहिलंय, आणि अशा शैलीप्रमाणे शिकवल्याने फायदा होतो याला २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात पुरेसा पुरावा सापडला नाही.

रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८५ मध्ये तीनच प्रकार केले, विश्लेषणाची, नवनिर्मितीची आणि व्यवहाराची. व्यवहारातली बुद्धी कशी दिसते त्याचा एक झकास नमुना ब्राझीलमधला आहे, स्टर्नबर्ग यांचा नाही पण त्याच वर्षी छापून आलेला. रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांकडे संशोधक गिऱ्हाईक म्हणून गेले. बारा वर्षांच्या मुलाला विचारलं, एक नारळ केवढ्याला? ३५. दहा दे, किती झाले? मुलगा म्हणतो तीनचे १०५, आणखी तीन घेतले की २१०, अजून चार पाहिजेत, मग ३१५, आणि शेवटी ३५०. शाळेत शिकवतात तसं शून्य लावून मोकळा झाला नाही, आपल्या पद्धतीने गेला आणि उत्तर बरोबर. मुलांची रस्त्यावरची उत्तरं ९८ टक्के बरोबर आली, तसलीच गणितं कागदावर नुसती आकड्यांत मांडून दिल्यावर ३७ टक्के. मुलं पाचच होती त्यामुळे फार ताणू नये. याच्या उलट माणूस, म्हणजे भरपूर शिकलेला पण वागण्यात गाढव, आपल्याकडे समर्थ रामदासांनी दासबोधात पढतमूर्ख म्हणून तपशिलात रंगवलाय.

भावनिक बुद्धिमत्ता (स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून वागायची क्षमता) ही संज्ञा सॅलोव्ही आणि मेयर यांच्या १९९० च्या लेखाने चर्चेत आणली, पाच वर्षांनी डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती ऑफिसांच्या ट्रेनिंगमध्ये पोचली, आणि तिथे तिच्या नावावर वाट्टेल ते खपतं.

महाराष्ट्रात

बिने यांच्या चाचणीला इथल्या मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाड भागात कन्नड आणि मराठीत बसवलं. बिने-कामत चाचणी अजूनही वापरात आहे, लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी करताना बऱ्याच पालकांची तिच्याशी गाठ पडते. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी सुरू केली, तिथल्या मानसशास्त्र विभागाने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांच्या मॉडेलवर (बुद्धीचे १२० घटक!) मराठी चाचण्या तयार केल्या. राज्य बोर्डाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली.

आणि मग डीएमआयटी. बोटांचे ठसे स्कॅन करायचे आणि काही हजार रुपये घेऊन गार्डनरच्या प्रकारांचा रंगीत रिपोर्ट पालकांच्या हातात द्यायचा, त्यात पोराने इंजिनिअर व्हावं की डान्सर तेही. बोटांवरच्या रेषा गर्भातच पक्क्या होतात हे खरं, पण त्यावरून बुद्धिमत्तेचा प्रकार कळतो याला काहीही शास्त्रीय आधार नाही आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तसं सांगितलंय. पत्रिका दाखवणं तरी स्वस्त पडतं.

स्वभाव मोजणं

स्वभावाच्या बाबतीत सध्या सगळ्यात जास्त पुरावा असलेली मांडणी पाच पैलूंची. नव्याची ओढ, नेटाने आणि चोख काम करण्याची सवय, बहिर्मुखता, जुळवून घेणं, आणि चिंता-चिडचिडीकडे असलेला कल. हे पाच खण नाहीत, पाच पट्ट्या आहेत, प्रत्येक जण प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो आणि बहुतेक लोक मधेच. ऑफिसांत लाडकी असलेली सोळा प्रकारांची मायर्स-ब्रिग्ज चाचणी इथेच गडबडते, मधल्या माणसाला ती एका बाजूला ढकलते, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा दिली की बऱ्याच लोकांचा प्रकारच बदलतो.

तरी लोकांना रिपोर्ट पटतात, कारण कोणालाही लागू पडेल असा मजकूर प्रत्येकाला आपलाच वाटतो. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर यांनी वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना एकच मजकूर "हा तुझा स्वभाव" म्हणून दिला तेव्हाही मुलांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले होते. मजकुरातली बरीच वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली.

यशासाठी वापर

बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये बऱ्याच अभ्यासांची बेरीज करून बघितली. नेटाचा पैलू पोलिसांपासून सेल्सवाल्यांपर्यंत सगळ्या कामांत उपयोगी पडला, बहिर्मुखता मात्र मुख्यतः मॅनेजर आणि विक्रीच्या कामात. म्हणजे मितभाषी माणसाने "माझं काही होणार नाही" म्हणायचं कारण नाही, पण सुरू केलेलं काम अर्ध्यात सोडायची खोड असेल तर ती कुठल्याही धंद्यात नडते.

स्वतःला ओळखायचं तर फक्त आत बघून भागत नाही. सिमीन वझीरे यांच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं की आपल्याला किती टेन्शन येतं हे आपल्यालाच जास्त नीट माहीत असतं, पण आपण किती हुशार हे मित्र जास्त बरोबर सांगतात. तेव्हा तोंडावर बोलणाऱ्या एखाद्या मित्राला किंवा बहिणीला विचारलेलं बरं, ऑनलाइन क्विझपेक्षा तर नक्कीच.

चिकाटी कमी आहे हे कळलं की निश्चयावर विसंबण्यात अर्थ नसतो. पीटर गोल्वित्झर यांची "असं झालं की तसं करायचं" ही पद्धत तिथे कामी येते, म्हणजे "रोज अभ्यास करीन" असं न म्हणता "रात्री जेवण होऊन ताट उचललं की एमपीएससीच्या जुन्या पेपरातली दहा गणितं, मगच मोबाइल" असं वेळेला आणि जागेला बांधून टाकायचं. ज्याला लोकांसमोर बोलायला घाम फुटतो त्याने मीटिंगच्या आधी मुद्दे लिहून पाठवले तर निम्मं काम तिथेच होतं.

स्वभाव बदलतो का, तर थोडा बदलतो. नेथन हडसन आणि ख्रिस फ्रेली यांनी २०१५ मध्ये सोळा आठवडे चालवलेल्या अभ्यासात ज्यांना बदलायचं होतं ते हव्या त्या दिशेने थोडे सरकले. नंतरच्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना दर आठवड्याला छोटी कामं निवडायला दिली, अनोळखी माणसाला नमस्कार करणं वगैरे. ज्यांनी ती केली ते सरकले, आणि ज्यांनी निवडून केलीच नाहीत ते काही बाबतीत उलट्या दिशेला गेले.